इंदूबाईंच्या खुर्चीत बसून ऐकलेलं

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. आमचं घर बौद्ध, आजोबांनी इथे नागपुरातच दीक्षा घेतलेली. "ज्या घरात देव्हाराच नाही, तिथं भूत तरी काय करायला येईल?" असं बाबा हसत म्हणायचे. त्यात मी बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलेलं. या सदरातले अनुभव मी चहा पिताना नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायची आणि आम्ही दोघं खुशाल हसायचो. आता हसायची पाळी तुमची... हसा, पण पूर्ण वाचून हसा.

शिकवणं सोडून मी काउन्सेलिंगचा डिप्लोमा करत होते. प्रॅक्टिकलसाठी धरमपेठेतल्या एका छोट्या केंद्रात जायचे. पहिल्या मजल्यावरची खोली, समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये टीपॉयवर टिश्यूचा डबा, खिडकीत कूलर. महिना मे, वेळ दुपारची. त्या वेळी आमच्याकडे रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, हे नागपूरकरांना सांगायला नको.

आमच्या सुपरवायझर रजनीताईंचा एक नियम होता. क्लायंट गेला की लगेच पर्स उचलून निघायचं नाही. क्लायंटच्या खुर्चीत जाऊन बसायचं आणि आपल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहायचं. "इथून तू कशी दिसत होतीस, ते जरा बघ," त्या म्हणायच्या. स्वतःकडे बघायला शिकल्याशिवाय काउन्सेलर होता येत नाही, हे त्यांचं ठाम मत. मला हा सगळा प्रकार नाटकी वाटायचा. पण इंटर्नशिपवर सही त्यांची लागणार, म्हणून मुकाट्यानं बसायची.

इंदूबाई माझ्याकडे आल्या त्या या उन्हाळ्यात. (नाव बदललंय, आणि त्यांना विचारूनच लिहितेय.) वय साठीच्या आसपास, नरखेडकडच्या खेड्यातल्या. जरीपटक्याला मुलीकडे, मनीषाकडे, राहायला आलेल्या. वर्षभरापूर्वी त्यांची थोरली जाऊ वारली होती. दोघींनी उभा जन्म एका स्वयंपाकघरात काढलेला. पण जावेसाठी कोण रडतं हो? सांत्वनाला आलेले सगळे दिराजवळ बसले, पोरांजवळ बसले. इंदूबाईंजवळ कोणी बसलंच नाही.

"मले तिचा आवाज आयकू येते जी," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. "सैपाकघरात असली का हाक मारते. पुढं काई बोलत नाई. मी येडी झाली का, मॅडम? तेवढं सांगा, बस."

मनोविकारतज्ज्ञांनी त्यांना तपासलं होतं. वेड नाही, शोक आहे, बोलू द्या, म्हणून आमच्याकडे पाठवलं होतं. मी ते त्यांना परत परत सांगत होते, पण त्यांना ते पटत नव्हतं. आणि एक गोष्ट मला खटकत होती. बोलताना त्या माझ्याकडे बघायच्याच नाहीत. माझ्या डाव्या खांद्याच्या वर, मागे कुठेतरी बघायच्या. लाजत असतील, असं मी धरून चालले.

एका सोमवारी सेशन संपल्यावर मनीषाने मला पॅसेजमध्ये गाठलं. "मॅडम, फरक तर काही पडून नाही राहिला. माझे सासरचे म्हणतात, आईले बाहेरचं लागलं आहे. या रविवारी एकाकडे नेऊन राहिलो, तो झाडून देते म्हणे."

झाडून देतो म्हणजे काय, ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. त्या माणसाकडे बायकांना केस धरून आपटतात. मनीषाचे डोळे भरले होते, पण घरात तिचं चालत नव्हतं. "शनिवारी एकदा आणा त्यांना, प्लीज," मी म्हटलं. ती हो म्हणाली.

त्या गेल्या. मी नियमाप्रमाणे इंदूबाईंच्या खुर्चीत जाऊन बसले. डोक्यात नुसता संताप होता. तेवढ्यात लाईन गेली. कूलर घरघरत बंद पडला आणि खोली एकदम गप्प झाली... आणि माझ्या रिकाम्या खुर्चीच्या मागून, थोडं डावीकडून, एक बाई बोलली.

"बारके, जेवून घे वं. माह्यी वाट नको पाहू."

भुताचा वगैरे आवाज नव्हता तो. दमलेल्या, जरा वैतागलेल्या बाईचा साधा आवाज होता. मी उठून पॅसेज बघितला, जिना बघितला, खिडकीतून खाली बघितलं. सगळीकडे ऊन.

दुसऱ्या दिवशी रजनीताईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "तुझ्या घरी कोण कोणाची वाट बघत उपाशी राहायचं?" त्यांनी विचारलं. मी खूप आठवलं. माझी आई नर्स होती, तिच्या ड्युट्या कधी दिवसा, कधी रात्री. आम्ही ज्याचं त्याचं वाढून घ्यायचो, कोणी कोणासाठी थांबायचं नाही. बारकी तर मला जन्मात कोणी म्हटलेलं नाही.

"तरीही जे ऐकलंस ते तुझं आहे," त्या म्हणाल्या. "ते क्लायंटच्या ताटात वाढायचं नाही. कळलं?"

कळलं होतं. हा आमच्या कामाचा पायाच आहे. आपल्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडी घातलं, तर आपल्यात आणि त्या झाडणाऱ्यात फरक तो काय?

शनिवारी मी अगदी ठरवून गेले, काहीही झालं तरी बोलायचं नाही. कूलर सुरू होता. नेहमीप्रमाणे परवानगी घेऊन मी रेकॉर्डिंग लावलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काकू, त्या तुम्हाला हाक काय म्हणून मारायच्या?"

"बारके म्हणे," इंदूबाई म्हणाल्या. "मी लगन होऊन आली तईपासून बारकीच."

सोमवारी मी ऐकलेली हाक हीच होती. मग त्या आपणहूनच सांगू लागल्या. "आमी दोघी सगळ्याईचं झाल्यावर एकाच ताटात जेवो. त्या दिवशी तिच्या छातीत दुखाले लागलं, तिले नागपूरले नेलं. मी ताट झाकून बसून राहिली... ते आलीच नाई. आताबी ताटावर बसली का घास उचलत नाई मॅडम. वाटते, ते यायची आहे अजून."

जेवणाबद्दलचं हे त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. बोलता बोलता थांबल्या आणि माझ्या खांद्यामागे बघू लागल्या. आणि माझ्या डाव्या कानामागे, इतक्या जवळ की मान आक्रसली, तोच आवाज आला. तेच शब्द. मला वळून बघायची हिंमत झाली नाही. खरं सांगते, मी भयंकर घाबरले होते.

इंदूबाई आता पहिल्यांदाच थेट माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"तुमालेबी आयकू आलं ना?"

रजनीताईंचं बोलणं डोक्यात होतं. उद्याचा रविवारही होता. 'तुम्हाला असं का वाटतं?' हे आमचं ठरलेलं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या बाईच्या डोळ्यांत बघून ते मला म्हणवलं नाही.

"हो," मी म्हटलं.

"मंग सांगा, काय म्हणली? मले तर नुसती हाकच आयकू येते."

"म्हणाल्या, बारके, जेवून घे. माझी वाट नको पाहू."

पदराने तोंड झाकून त्या रडल्या. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग नाक पुसून, बाहेर डब्याची पिशवी घेऊन बसलेल्या मुलीला त्यांनी मोठ्याने हाक मारली, "मनीषा! डब्यात काय आहे वं?"

त्या खोलीत खायला बंदी आहे. इंदूबाईंनी तिथेच, टीपॉयवर डबा उघडून पोळी आणि वांग्याची भाजी खाल्ली. सावकाश, बोटं चाटून. मनीषा दारात उभी राहून बघत होती. तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला आणि रविवारचं रद्द म्हणून सांगितलं. तिला एवढ्या चढ्या आवाजात बोलताना मी प्रथमच ऐकलं.

इंदूबाई आता गावी परत गेल्या आहेत. आवाज येत नाही म्हणे. वजन वाढलंय.

रजनीताईंना मी सगळं सांगितलं, रेकॉर्डिंगही ऐकवलं. त्यात कूलरची घरघर आहे, इंदूबाई आहेत, मोठी शांतता आहे आणि माझा 'हो' आहे. तिसरं कोणी नाही. रजनीताईंनी माझी इंटर्नशिप वाढवली आणि मला स्वतःसाठी थेरपिस्टकडे जायला सांगितलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

मी दर आठवड्याला जाते. थेरपिस्ट चांगली आहे, शांतपणे ऐकते. आम्ही ताणाबद्दल बोललो, उन्हाबद्दल बोललो, माझ्या आईबद्दल तर खूपच बोललो. पण 'बारके' हा शब्द मला आधी कसा कळला, याचं उत्तर ना तिच्याकडे आहे ना माझ्याकडे. मागच्या आठवड्यात मी तिला सरळच विचारलं, "तुमचा विश्वास बसतो का माझ्यावर?"

तिने मान थोडी कलती केली आणि अगदी मायेनं म्हणाली, "तुम्हाला असं का वाटतं?"