न आलेल्यांचा वाटा

जरा जवळ सरका बघू. आणि शेवटचं गीत सुरू झालं की चपला शोधायला पळता ना, दिसतं हो मला! आमच्या चर्चच्या मंडळीत एक मावशी होत्या, त्या उपासना सुटली तरी जागच्या हलायच्या नाहीत. मान मागं वळवून एकेक बाक न्याहाळायच्या आणि विचारायच्या, "आज कोन न्हाय आलं?"

दवाखान्यात आया म्हणून जन्म काढलेला, माहेर मंद्रूपचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायची भाकर त्यांच्याच तव्यावरची. गव्हाची, जाड, एकच. पाळक ती मोडायचे, सगळ्यांना एकेक घास मिळायचा. उरलेले तुकडे मावशी पांढऱ्या फडक्यात बांधायच्या आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी पायी घेऊन जायच्या.

"एवढ्या उन्हात कशाला?" मी एकदा म्हटलं.

"येशूच्या पयल्या मंडळीला कुटं चर्च होतं, बाई? घरातच जमायची, एका भाकरीवर. जो आला न्हाय त्याचा वाटा त्याच्या घरी पोचायचा. आपल्या म्हाताऱ्या पाळकांनी सांगितलंय मला. आता पंखे आले, माईक आला, लई झ्याक झालं. पर ह्यो वाटा सोडून कसं चालंल?"

मग ती साथ येऊन गेली. चर्चच्या कमिटीनं ठरवलं, यापुढं प्रभुभोजनाला तयार पेले. वर नखाएवढा वेफर, खाली घोटभर द्राक्षाचा रस, झाकण चिकटवलेलं. मीही हात वर केला होता. मावशींना सांगायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

"मावशी, आता भाकर नको. आणि घरी बसलेल्यांना मोबाईलवर दिसतं की सगळं."

"दिसतंय, खरं हाय," त्या म्हणाल्या. "पर हातात काय पडतंय?"

भांडल्या नाहीत. पुढच्या महिन्यात तेच पेले पिशवीत घालून निघाल्या. ते पातळ झाकण त्यांना निघेना, आजाऱ्यांना तर मुळीच निघेना. "सैतानानंच चिकटवलंय की ह्ये!" म्हणत दातानं ओढायच्या. आजारी माणसंही हसायची.

मग त्या स्वतःच अंथरुणाला लागल्या. दर महिन्याला मी ठरवायची, त्यांचा वाटा घेऊन जायचं. कधी पाहुणे, कधी पाऊस, कधी नुसताच कंटाळा. खरं सांगते, गेले ती त्यांच्या मयतीलाच.

त्यांची सून म्हणाली, "मोबाईलवरची उपासना संपली की आत्याबाई म्हणायच्या, मला दाराकडं तोंड करून निजीव. कोन तरी येईल की."

ते पांढरं फडकं उशाशी होतं. धुऊन, घडी घालून.

आता माझे गुडघे गेले. मीही मोबाईलवरच बघते. गाणी पूर्वीपेक्षा छान बसवतात, आवाज स्वच्छ येतो. आशीर्वाद झाला की मोबाईल काळा होतो, आणि मी खुर्ची दाराकडं वळवून बसते.

तुमच्यात कुणी मान वळवून बघतं का हो, आज कोण नाही आलं ते? पुन्हा लवकर या. दार नुसतं लोटलेलं असतं.