शेवटची फट

दिगंबर सोनजेसरांची आणि माझी पहिली ओळख भांडणानेच झाली. नाशिकच्या आमच्या बालसदनात मी नुकतीच अधीक्षिका म्हणून लागले होते. मुलांच्या ओल्या टॉवेलांचा कोपऱ्यात ढीग पडायचा, म्हणून संस्थेच्याच उद्योगशाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या सोनजेसरांना मी खुंट्यांची एक फळी करायला सांगितली. संध्याकाळी बघायला गेले तर फळीला एकही भोक नाही. सर कंपासची टोकं टेकवत फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होते, मागे येऊन कंपास किंचित मिटत होते आणि पुन्हा निघत होते. मी म्हणाले, "अहो, टॉवेल टांगायचेत, दागिने नाही." त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "घाई तुम्हले शे मॅडम, लाकडाले नही," म्हणाले. सर मूळचे नामपूरचे. राग आला की त्यांची अहिराणी बाहेर पडते. मी तणतणत परत आले.

फळी भिंतीवर लागली आणि माझं तोंड बंद झालं. बिस्किटाच्या तुकड्यावरून हमरीतुमरीवर येणारी आमची मुलं त्या खुंट्यांवरून कधी भांडली नाहीत, कारण सगळ्यांना जागा सारखी होती. सरांनी ते मुद्दामच केलं होतं. "यांना आधीच कमी मिळालंय. त्यात मीही डावं-उजवं करू का?" असं त्यांनी मला नंतर ऐकवलं.

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला बजावलं आहे की लेख प्रसन्न असू द्या, जुनं उगाळू नका. सरांची एकसष्टी आहे, तेव्हा प्रसन्न मी आहेच. पण याच ग्रंथात छापायचा सरांचा परिचय मला वाचायला दिला गेला आणि त्यात लिहिलं आहे की सर संस्थेतून 'स्वेच्छेने सेवामुक्त झाले'. स्वेच्छेने म्हणे. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हा मी उगाळणार आहे, आणि संपादकांनी कृपा करून एकही ओळ कापू नये.

आधी सर शिकवायचे कसे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ओळीत भोकं पाडायची असली की पहिल्यापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं असं मोजत जायचं नाही, हा त्यांच्या वर्गातला पहिला धडा. दर वेळी केसभर चूक होते, ती पुढे ढकलली जाते आणि शेवटी सगळ्या चुका गोळा होऊन शेवटच्या फटीत बसतात. म्हणून आधी दोन्ही टोकं पक्की करायची, मधली जागा कंपासने वाटून बघायची, आणि कंपासचं टोक शेवटच्या खुणेवर नेमकं पडलं तरच गिरमिट हातात घ्यायचं. खुणा चुकल्या तर सर रंधा मारून सगळ्या पुसायला लावत आणि ओरडत तर इतके, की आवाज माझ्या कचेरीपर्यंत येई. दुपारी मात्र ज्याला ओरडले त्याच्याच शेजारी डबा उघडून बसत आणि आपली ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी मोडून अर्धी त्याच्या ताटात टाकत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या तान्ह्या मुलांच्या खोलीसाठी कठड्याचे नवे पलंग आले. घरची उद्योगशाळा असताना काम बाहेरच्या ठेकेदाराला दिलं होतं. तो तेव्हाच्या कार्याध्यक्षांच्या मर्जीतला. पलंगांचं पॉलिश झकास होतं, सगळ्यांनी कौतुक केलं.

मग एका दुपारी मुलं सांभाळणाऱ्या शेवंतामावशी किंचाळल्या. आमची दीड वर्षाची चकुली भिंतीकडच्या कठड्यातून बाहेर घसरली होती. अंग पलंग आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत लोंबत होतं आणि डोकं दोन दांड्यांमध्ये अडकलं होतं. मावशींनी तिला खालून उचलून धरलं, मी सरांना हाक मारली. सर करवत घेऊन धावत आले आणि त्यांनी एक दांडा कापला. पोरीचे ओठ निळे पडले होते. थोड्या वेळाने ती रडली, तेव्हा कुठे मावशींनी तिला माझ्या हातात दिलं.

सरांनी एकेक पलंग भिंतीपासून ओढून बघितला. सगळीकडे तेच. समोरचा, दिसणारा कठडा नीट होता. भिंतीकडचा कठडा मात्र एका टोकापासून कसाबसा मोजत नेलेला आणि शेवटची फट मुलाचं अंग जाईल एवढी रुंद.

कार्याध्यक्षांना बोलावलं. मी त्यांचं नाव लिहीत नाही. आज तेच या गौरवसमितीचे अध्यक्ष आहेत, तेव्हा ते वाचतीलच. ते म्हणाले, "भिंतीकडचीच बाजू ना? दिसतंय कुणाला? तिथे उशी लावा."

"आणि ती उशी रात्रभर धरून कोण बसणार? तुम्ही?" सरांनी विचारलं.

देणगीदार येणार आहेत, पलंग वापरात राहिले पाहिजेत, असं सांगून कार्याध्यक्ष निघून गेले. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि सरांनी प्रत्येक पलंगाचा मागचा कठडा करवतीने कापून काढला, चुकूनही कुणी त्यात मूल ठेवू नये म्हणून. मुलं खाली गाद्यांवर झोपली. सरांनी आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन सगळे कठडे नव्याने केले आणि बसवले. ते बसवून झाले आणि सरांना संस्थेतून काढून टाकलं. कारण सांगितलं, संस्थेच्या मालमत्तेची नासधूस. मी बैठकीत भांडले तर कार्याध्यक्ष मला म्हणाले, बाई, तुम्ही आपलं मुलांकडे बघा. मग मी दुसरं काय करत होते?

पुढे सरांनी सिडकोत छोटासा कारखाना टाकला. तरी दर दिवाळीआधी ते बालसदनात येऊन एकेक दांडा हलवून बघत. त्यांना आत सोडू नये अशी फाटकावरच्या माणसाला तंबी होती, म्हणून मी त्यांना मागच्या दाराने घेत असे. ज्यांनी आमची पोर वाचवली त्यांना चोरासारखं आत आणावं लागायचं. माझ्या आईचे गुडघे गेले, तेव्हा याच माणसाने न सांगता येऊन आमच्या न्हाणीघरात तिला धरायला दांडा बसवला होता.

आता जुन्या विद्यार्थ्यांनी हट्ट धरला म्हणून संस्थेला सरांची आठवण झाली. सर सत्काराला लगेच यायला तयार झाले, त्याचाही मला राग आला. लाकडावर एवढे संतापणारे सर माणसांना इतक्या सहज कसे सोडून देतात? मी तसं तोंडावर बोलले. ते म्हणाले, "पोरांनी बोलावलंय, जायलाच पाहिजे. पण मला शाल नको. मी करवत चालवली ती बरोबर होती, एवढं कुणीतरी माईकवर म्हणा."

हा निरोप मी अध्यक्षांना पोचवला. ते म्हणाले, "बघू."

सोनजेसर, तुम्हाला उदंड आयुष्य मिळो, हातपाय असेच धड राहोत आणि तुमचा आवाज असाच दोन खोल्या पलीकडे ऐकू जावो. त्या एका वाक्यासाठी मात्र तुम्हाला शंभरीपर्यंत थांबावं लागू नये. कार्यक्रमाला चकुली येणार आहे. तिला मी पहिल्या रांगेत बसवणार आहे. अध्यक्षांनी जे काही बोलायचं ते तिच्याकडे बघून बोलावं.