कुणीतरी पासवर्ड बदललाय!

साईन-इनचे किस्से मी मुद्दाम गोळा केलेले नाहीत. ते घरातल्या जुन्या चार्जरसारखे आपोआप साचत गेले. टाकून द्यावेत म्हटलं तर होत नाही, आणि ठेवून तरी काय करणार, म्हणून आज तुम्हाला सांगतो.

लातूरला एक कोचिंग क्लास आहे. नाव राहू द्या, लातुरात एका क्लासचं नाव घेतलं की शेजारच्याला राग येतो. मुख्य ऑफिस लातूरला, मोठी शाखा नांदेडला, छोटी सेंटर्स निलंग्याला आणि धर्माबादला. चारही ठिकाणच्या कॉम्प्युटरवर, मोबाईलवर नाही, एकच मेसेजिंगचं अ‍ॅप. प्रश्नपत्रिका, वेळापत्रक, सुट्ट्या, रुसवेफुगवे, सगळं त्यावरून चालतं. ते उघडलं नाही की मला फोन येतो, कारण मी तिथला कॉम्प्युटरवाला.

फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं: "कुणीतरी माझा पासवर्ड बदललाय!"

सात वर्षांत एकाही माणसानं "माझ्याच हातून चुकीचं बटण दाबलं गेलं" असं म्हटलेलं नाही. क्लासचा धंदाच संशयावर चालतो. शेजारचा आपला पेपर पळवतो, नोट्स पळवतो, फिजिक्सचा मास्तर तर दिवसाढवळ्या पळवतो. तिथं चार-पाच वर्षं काढलेला माणूस स्वतःच्या चष्म्याकडेसुद्धा शंकेनं बघतो. मीही त्यातलाच, हे पुढं कळेलच.

*

नांदेडच्या शाखेत ॲडमिशनच्या खिडकीवर हणमंतराव बसतात. एकदा ते पासवर्ड विसरले. म्हणजे त्यांच्या भाषेत, कुणीतरी बदलला. मी गेलो. नवीन पासवर्डसाठी त्यांच्या मोबाईलवर ओटीपी आला.

"काय नंबर आलाय?" मी विचारलं.

हणमंतरावांनी मोबाईल छातीशी धरला. "इथं साफ लिवलंय, हा नंबर कुणालाही सांगू नका."

"अहो, ते चोरांसाठी असतं."

"त्येच म्हन्तो मी!"

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. तरी त्यांचं समाधान होईना. भिंतीवर टॉपर पोरांचे फोटो होते, त्यांच्या काचेत मोबाईल दिसत असणार, असं त्यांचं म्हणणं. मग मी पॅसेजमध्ये गेलो. दोन मिनिटांनी डोकावलो, तर ओटीपीची वेळ संपलेली आणि हणमंतराव स्वस्थ बसलेले.

"टाकला का नाही हो?"

"कुठं टाकू?"

"कॉम्प्युटरमध्ये!"

"वा! कुणालाही म्हंजे हे मशीन बी आलंच की त्यात!"

*

निलंग्याच्या सेंटरला पाटील सर आहेत. त्यांचं अ‍ॅप सकाळपासून उघडत नव्हतं. पासवर्ड बरोबर, नेट चालू, तरी 'साईन-इन होऊ शकत नाही' एवढंच म्हणायचं.

"हे लातूरवाल्यांचं काम हाय," पाटील सर मला चहा देत म्हणाले. "आमचं सेंटर बंद पाडायचं चालूय. मला समदं माहीत हाय."

कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली तारीख बघितली. आतला बटणाएवढा सेल संपला होता, त्यामुळे मशीन बंद करून चालू केलं की तारीख मागे जायची. तारीख चुकली की अ‍ॅप आत घेत नाही.

"सर, यात कुणाचा हात नाही. तुमचा कॉम्प्युटर दहा वर्षं मागं राहिलाय."

पाटील सरांनी कप खाली ठेवला.

"मग बरोबरच हाय की! मी बी तितंच हाय. तवापास्नं प्रमोशन न्हाई!"

*

धर्माबादच्या रेड्डी सरांना अ‍ॅपनं 'मी रोबो नाही' यावर टिक करायला सांगितलं. ते त्यांना लागलं. तेलुगूत "एमिटिदि?", म्हणजे 'हे काय?', म्हणाले आणि मला फोन लावला. "एकवीस वर्षं शिकवून राहिलो मी. आता हे सिद्ध करू?"

मी कसंबसं टिक करायला लावलं. मग नऊ चित्रं आली. बस असलेली चित्रं निवडा.

"एकबी बस न्हाई," रेड्डी सर म्हणाले.

"असेल सर, नीट बघा."

"नीटच बघून राहिलो. चार ट्रॅव्हल्स हायत. बस एकबी न्हाई!"

लाल एसटी दिसेपर्यंत ते हटले नाहीत. अ‍ॅपही हटलं नाही. शेवटी मी नांदेडहून दीड तास बसनं, म्हणजे खऱ्या बसनं, तिथं गेलो आणि ट्रॅव्हल्सवर टिक केली. सर माझ्याकडे असे बघत होते, जणू मी खोटी सही केली.

*

आता आमचे संचालक, बिराजदार सर. माणूस हुशार, पण मेसेज कधी लिहीत नाहीत. स्क्रीनवर वर येईल ते वाचतात आणि उत्तर फोनवर ओरडून देतात. एकदा त्यांचंच खातं अडकलं. अ‍ॅपनं ओळख पटवायला प्रश्न विचारला: आईचं लग्नाआधीचं नाव काय?

सरांनी 'शांताबाई' लिहिलं. चूक. मग त्यांच्या लक्षात आलं की शांता हे तर सासरी ठेवलेलं नाव. त्यांनी किल्लारीजवळच्या गावी आईला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. केबिनमध्ये मी होतो आणि टायपिस्ट कावेरीताई होत्या.

"आई, तुझं माहेरचं नाव काय गं?"

"कशापायी?"

"कॉम्प्युटर विचारून राहिलाय."

"शेताच्या कागदावर चढवायलाव का काय? मी अंगठा देनार न्हाई, आदीच सांगते."

"तसं काही नाही गं."

मग म्हातारी म्हणाली, "गोदावरी. म्हायेरी गोदी म्हनायचे. लेकरा, पंचावन वर्साचा झालास, कदी इचारलं न्हाईस. आज मशीननं इचारलं तवा आईची याद आली व्हय?"

सरांनी मान खाली घातली. त्यांनी 'गोदावरी' लिहिलं. चूक. 'गोदी' लिहिलं. तेही चूक, आणि खातं चोवीस तासांसाठी बंद.

"माझी आई खोटं बोलते का?" सर गरजले.

तेव्हा मला आठवलं. ते खातं उघडताना घाईघाईत उत्तराच्या जागी 'एक दोन तीन' मीच टाकलं होतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

नांदेडहून मेसेज यायचा होता, सर अस्वस्थ झाले होते. कावेरीताई म्हणाल्या, "सर, तात्पुरतं माझ्या खात्यानं उघडून देते." त्यांनी सरांच्या कॉम्प्युटरवर टकटक करून उघडून दिलं. दुसऱ्या दिवशी सरांचं खातं मोकळं करून मी फोन केला, तर सर म्हणाले, "चालू आहे, चालू आहे!" मी पुढं विचारलं नाही.

*

कावेरीताई नऊ वर्षं क्लासच्या प्रश्नपत्रिका टाइप करतात. मराठी टायपिंग इतकं सफाईदार की बोटांकडे बघायची गरज नाही. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "गिरीशभाऊ, माझे मेसेज मी उघडायच्या आधीच वाचलेले दिसतात. कुणीतरी वाचून राहिलंय."

मी म्हटलं, "कॅश, म्हणजे आत साठलेला जुना कचरा, साफ करा."

पंधरा दिवसांनी त्या परत म्हणाल्या. मी परत तेच सांगितलं. खरं सांगू? मला त्यांचाच संशय आला. चोरी करणारा आधी आपणच ओरडतो, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. मी सरांना एक कल्पना सुचवली: प्रत्येकानं आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहावा आणि बंद पाकिटात घालून सरांच्या कपाटात ठेवावा. कल्पना किती सुरक्षित होती, यावर आपण नंतर कधीतरी बोलू.

मग तो शनिवार आला. कावेरीताई भाचीच्या साखरपुड्याला धर्माबादला गेल्या होत्या. रविवारी मोठी टेस्ट होती. नांदेडच्या सरांनी पेपरमध्ये एक दुरुस्ती त्यांना पाठवली आणि दुपारी लातूरला फोन केला. "मॅडमनी मेसेज वाचलाय, पण पेपर अजून आला न्हाई."

"वाचलाय?" बिराजदार सर उभेच राहिले. "ती तर गाडीत आहे! मग वाचला कुणी?"

कावेरीताईंचा फोन लागेना. सरांनी कपाट उघडून कावेरीताईंचं पाकीट फोडलं. आत चिठ्ठी होती, त्यांच्या वळणदार अक्षरात दोनच शब्द:

सांगणार नाही.

सरांनी चिठ्ठी माझ्यापुढं नाचवली. "हिंमत बघा बाईची! म्हणजे शेजारच्या क्लासला पासवर्ड दिलाय आणि मला सांगणार नाही!"

मी मनात म्हटलं, बघा, माझा अंदाज खरा निघाला. पेपर फुटला असं धरून रविवारची टेस्ट रद्द झाली.

सोमवारी कावेरीताई पेढे घेऊन आल्या. ते कुणी घेतले नाहीत. नऊ वर्षांची नोकरी तर जाणारच होती, वर पेपर फोडल्याचा ठपका. लातुरात असा ठपका लागलेल्या टायपिस्टला दुसरा क्लास दारात उभं करत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. घर त्यांच्या एकटीच्या जिवावर चाललेलं.

सरांना लगेच नोटीस द्यायची होती. पण ऑफिसात टाइप करणारं माणूस एकच. "बसा," सर म्हणाले. "लिहा."

कावेरीताई बसल्या. अक्षर एकही चुकलं नाही. 'आपण क्लासचा विश्वासघात केला आहे,' सरांनी सांगितलं, त्यांनी टाइप केलं. 'पासवर्ड देण्यास आपण लेखी नकार दिला आहे,' सरांनी सांगितलं. इथं बोटं थांबली.

"नकार कवा दिला सर? मी तर पासवर्ड पाकिटात लिहून दिला होता."

"काय लिहून दिलं होतं?"

"सांगणार नाही."

"पुन्हा तेच! बघा गिरीश, तोंडावर बोलून राहिल्यात!"

कावेरीताईंनी माझ्याकडे बघितलं. मग नोटीस तशीच बाजूला सारून अ‍ॅप उघडलं, कीबोर्ड मराठीवर घेतला आणि पासवर्डच्या चौकटीत टकटक केलं. काळे ठिपके उमटले. शेजारी डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबलं की ठिपक्यांची अक्षरं होतात. त्यांनी माझा हात ओढून माऊसवर ठेवला.

मी डोळा दाबला.

सांगणार नाही.

अ‍ॅप उघडलं. पासवर्ड मराठीत ठेवता येतो हे मला माहीत होतं. कुणी ठेवील, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. म्हणून ती खालची ओळ मला पहिल्यांदा दिसली: 'हे खातं आणखी एका कॉम्प्युटरवर सुरू आहे.'

"हां!" सर पुढं सरसावले. "दाबा ते! कळू द्या कोण चोर आहे!"

मी दाबलं. कॉम्प्युटरचं नाव आलं. सगळ्या कॉम्प्युटरना नावं मीच दिली होती, त्यामुळे वाचायला वेळ लागला नाही.

'संचालक केबिन.'

कावेरीताईंनी तात्पुरतं उघडून दिलेलं खातं तिथं अजून चालूच होतं. सरांनी नाव एकदा वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग स्वतःच वाकून स्क्रीनवरची अर्धी नोटीस बंद केली. 'सेव्ह करायची का' असं कॉम्प्युटरनं विचारलं, तेव्हा घाईनं 'नाही' दाबलं. आणि जाता जाता पेढ्याच्या बॉक्समधून एक पेढा उचलला.

"पासवर्ड बदलून घ्या तेवढा," दारातून ते हळूच म्हणाले.

कावेरीताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि तिथंच बदलला. टकटक, एंटर.

सवय वाईट असते. सर दारातून वळले. "काय ठेवला?"

कावेरीताईंनी मानही वर केली नाही.

"आता मात्र खरंच सांगणार नाही!"