दाण्यातलं दूध

आमच्या वाडीत भांग कधी कापायची, हे एकटी खिमुली आमा, सगळ्या वाडीची आजी, ठरवायची. भांग म्हटलं की खालच्या मैदानातली माणसं डोळे मिचकावतात, त्यांचा मला मनस्वी राग येतो. आम्ही कुमाऊंतली माणसं गोठ्यामागे भांग लावतो ती दाण्यासाठी. दाणा भाजून वाटला की चटणी होते, अळकुड्यांच्या रश्शात घातला की थंडी सोसवते, आणि नशा म्हणाल तर त्यात ताकाइतकीसुद्धा नसते.

आमाची परीक्षा साधी होती. एक बोंड तळहातावर चोळायचं, फुंकरीने फोल उडवायचं आणि एक दाणा दोन नखांत धरून दाबायचा. पांढरं दूध आलं तर "अजून बाळ आहे," म्हणून हात झटकायचा. टच्चकन फुटला, तर विळे काढायला सांगायचं. मग सगळी वाडी एकाच दिवशी कापणी करायची, कारण कुणा एकाची भांग मागे उभी राहिली की पाखरांचे थवे तिच्यावर तुटून पडतात. आमाला या मानाचा भलता तोरा होता. आश्विन लागला की ती बांधावरून तहसीलदारणीसारखी चालायची.

"आमा, आमच्या भांगेकडेही जरा बघा की!" मी चिडवायची.

"तुझी भांग तुझ्यासारखीच. वरून पिकलेली, आतून कच्ची," ती म्हणायची.

त्या वर्षी तिचा मुलगा त्रिलोक खाली मैदानातल्या हल्द्वानीहून रजेवर आला. तिथे तो एका कचेरीत कारकून होता. त्याचं लग्न ठरत आलं होतं आणि मुलीकडची मंडळी घर बघायला यायची होती. मुलीचे वडील पोलिसात जमादार. गोठ्यामागची पुरुषभर उंच भांग बघून त्रिलोकचं तोंडच उतरलं.

"इजा," तो आईला म्हणाला, "हे कापून टाक."

"कच्ची आहे रे. अजून पाखरंसुद्धा फिरकली नाहीत."

"ते काय म्हणतील? गंजेड्यांच्या घरात मुलगी देतोय? आईची माया असेल तर माझी लाज राख."

आमाने आपल्यापुरती कापली असती, तर वाडीने कारण विचारलं असतं. मग सांगावं लागलं असतं की पोराला आपल्याच घराची लाज वाटते. ते तिच्या तोंडून निघालं नसतं. दुसऱ्या दिवशी ती आमच्या अंगणातून जाता जाता म्हणाली, "झाली. विळे काढा." माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. खरं काय ते पुढे त्रिलोकनेच मला सांगितलं, आणि सांगताना त्याची मान वर होत नव्हती.

आम्ही सगळ्यांनी कापणी केली. पाहुणे आले, पोटभर जेवले. हात पुसताना जमादार म्हणाले, "विहीणबाई, सगळं झकास. पण भांगेची चटणी नाही केलीत? आम्हीही डोंगरातलेच, मूळचे पिथौरागडचे हो. खाली तेवढीच मिळत नाही!"

त्रिलोक पाणी आणायच्या निमित्ताने उठला. "यंदा राहिली," आमा पुटपुटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं असणार तिला.

लग्न झालं. वाळवणात बहुतेक दाणे सुकून नुसती टरफलं उरली. त्या हिवाळ्यात घरोघरची चटणी कडू झाली. एके दुपारी बिशनदा आमाच्या अंगणात आला. वयाने मोठा, समजूतदार माणूस. भांडायला आला नव्हता. "आमा, वय झालं की नजर दगा देते. त्याचं काय मनावर घ्यायचं?"

आम्ही शेजारणी तिच्याकडे बघत होतो. दारात रजेवर आलेला त्रिलोक उभा होता आणि त्याच्यामागे नवी सून जानकी.

"होय रे बाबा," आमा म्हणाली. "दिसत नाही आता."

बिशनदाच्या बायकोने हात धरून तिला पायरी चढवली. चाऱ्यासाठी झाडावर चढणारी आमा, पण तिने मुकाट्याने हात धरू दिला.

पुढच्या वर्षी जुनं बी पेरलं. भांग उत्तम आली. आमाला कुणी विचारलं नाही, तो मान बिशनदाकडे गेला. मागचा कडूपणा आठवून तो बिचारा आज-उद्या करत राहिला. आमा अंगणात बसून असायची. डोक्यावरून थवा गेला की तिची नजर त्याच्यामागे जायची, आणि कुणी बघतंय असं वाटलं की ती पटकन डोळे मिटायची.

त्रिलोक रजेवर आला होता, तेव्हा जानकीने एक बोंड तोडून आणलं. तिला बिचारीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "इजा, हाताला तरी कळेल. झाली का बघा ना."

आमाने बोंड चोळलं, फोल उडवलं, दाणा नखांत धरला. तो टच्चकन फुटला. पायरीवर बसलेल्या त्रिलोकने तो आवाज स्पष्ट ऐकला आणि आईकडे पाहिलं. आईनेही त्याच्याकडे पाहिलं. तो काहीतरी बोलेल म्हणून ती थोडी थांबली असावी. त्याने मान खाली घातली.

मी माझ्या अंगणात होते. मला तेव्हा फक्त तिचं उत्तर ऐकू आलं, बाकीचं पुढे त्रिलोकने सांगितलं.

"मला कुठलं कळतंय, बाई. बिशनदाला विचार."

गोठ्यामागे तेव्हा पाखरं उतरत होती.