मानाचा गणपती खदाणीत

डूख धरू नये, असं सगळे सांगतात. मी धरला, जपला, वाढवला आणि त्याची मला अजून लाज वाटत नाही.

आमचं गाव डोंबिवलीच्या मागे, शीळ रस्त्याच्या आतल्या बाजूला. आता गाव उरलंय ते देवळापुरतं, बाकी चाळी आणि टॉवर. मी नोकरीला ठाण्याला जाते, पण राहते आईबरोबर जुन्याच घरात. घरामागे टेकडी होती. ती गावातल्याच एका माणसाने फोडून, खडी करून विकली. त्याला सगळे शेठ म्हणतात. माझ्या लहानपणी दुपारी शिट्टी व्हायची, लाल फडकं हलायचं आणि सुरुंग उडायचा. मांडणीवरची भांडी खडखडायची. आई भात झाकायला धावायची, तरी घासात कचकच लागायचीच. टेकडी संपली तेव्हा शेठ जमिनीखाली गेला. खदाण खोल होत गेली तशी आमची विहीर आटत गेली. आमचं पाणी झिरपून खदाणीत उतरायचं आणि शेठ पंप लावून ते नाल्यात सोडायचा.

एका उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसला. आई रिकामा हंडा घेऊन त्याच्या ऑफिसवर गेली. मी बरोबर होते. तिचं सगळं ऐकून घेऊन तो मुनीमाला म्हणाला, "हिला एक बाटली पानी दे. थंड दे." खुर्च्यांवर बसलेली माणसं हसली. आईने बाटली घेतली, घरी येऊन तुळशीत ओतली आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्या माणसाशी एक शब्द बोलली नाही. मी मात्र त्या दिवसापासून त्याची वेळ भरायची वाट बघत होते.

पुढे दगड संपला, क्रशर गंजला, पंप बंद झाले. काही पावसाळ्यांत खदाण भरली. पालिकेचे इंजिनिअर येऊन बघून गेले. इथे साठवण तलाव करायचा, पाणी शुद्ध करून आसपासच्या वस्त्यांना द्यायचं, असा बेत ठरला. फक्त शेठने जागा द्यायला हो म्हणायचं होतं, आणि तो म्हणेना. त्याला खदाण बुजवून वर टॉवर उभे करायचे होते. एक दिवस काठावर राडारोड्याचा पहिला डंपर येऊन रिकामा झाला. इंजिनिअर मला म्हणाले, "मॅडम, एकदा भराव पडला की विषय संपला." आमचं पाणी त्याने आधी पळवलं होतं, आता तो ते गाडायला निघाला होता.

अर्ज केले, मोर्चा नेला. शेठने मोर्चेकऱ्यांना सरबत पाजलं. त्या सरबतानेच माझं डोकं ठिकाणावर आलं. या माणसाशी भांडून उपयोग नव्हता.

गणपती जवळ आले होते. आमचं विसर्जन पूर्वी खाडीत व्हायचं, पण केमिकलच्या त्या काळ्या पाण्यात देव सोडायला आता कोणाचा हात धजत नाही. देवळात बैठक बसली. आमच्या गावात पाण्यात पहिला गणपती कोणाचा जायचा यावरून सख्ख्या भावांनी बोलणं टाकलेलं आहे. शेठच्या घराला तो मान पिढ्यानपिढ्या मिळाला नव्हता. एवढा पैसा झाला तरी त्याचा गणपती चौथाच. मी उठून म्हणाले, "या वर्षी खदाणीत करूया. मूर्ती सगळ्यांनी शाडूच्या आणायच्या. आणि पहिला मान शेठचा, कारण जागा त्यांची." शेठ खुर्चीत ताठ झाला. गुळाने मरतो त्याला विष कशाला?

त्याने काठावरचा राडारोडा उचलून नेला, पायऱ्या बांधल्या, रेलिंग घातलं, हॅलोजन लावले, पोहणारे तरुण उभे केले. विसर्जनाला बँजो आणला. मूर्ती स्वतःच्या डोक्यावर घेऊन तो पाण्यात उतरला तेव्हा रडत होता. खरंच रडत होता. सगळ्यात मोठ्याने मोरया म्हणणारी मी होते. त्याच्या मागून गावातले सगळे गणपती गेले, गौरी गेल्या.

दसरा झाला आणि डंपर परत आले. मी गल्लीतल्या म्हाताऱ्यांना एवढंच सांगितलं की बाप्पावर भराव पडतोय. सगळ्या उठल्या, आईही उठली. आम्ही पोचलो तर शेठ काठावर उभा, अनवाणी. चपला त्याने पायऱ्यांपाशी सवयीने काढल्या होत्या. डंपरमध्ये पाडलेल्या इमारतीच्या विटा होत्या आणि वर दोन फुटके कमोड. आई पुढे झाली. "शेठ," ती म्हणाली, "हा तुमच्या बाप्पाच्या डोक्यावं टाकायचा हाय काय?"

शाडू केव्हाच विरघळला असेल, पण देव विरघळतो असं आमच्यात कोणी मानत नाही. कमोड पाण्यात पडला असता तर पुढच्या वर्षी शेठच्या घरी दर्शनाला कुत्रं फिरकलं नसतं. त्याच्या मुलाच्या हळदीला कोणी नाचायला गेलं नसतं. त्याने एकेका म्हातारीकडे पाहिलं, मग हाताने ड्रायव्हरला मागे फिरायची खूण केली. डंपर रिव्हर्स घेताना वाजतो तो आवाज मला आजही गोड वाटतो.

भराव टाकता येईना, टॉवर होईनात, तेव्हा त्याला जागा द्यावीच लागली. पालिकेने गाळ काढला, कडेने जाळी लावली, विसर्जनासाठी बाहेर वेगळा हौद केला. शुद्धीकरणाच्या इमारतीचा पाया खणायला सुरुवात झाली त्या दिवशी संध्याकाळी शेठ आमच्याकडे आला आणि ओट्यावर बसला. आईने चहा ठेवला. तो माझ्याकडे वळला.

"तू मना फसवलंस ना, पोरी?"

"हो," मी म्हणाले. "ठरवून."

"माझ्याशी भांडायचं होतं. बाप्पाला मधी कशाला घातलंस?"

"तुम्ही दुसऱ्या कोणाला भीत नव्हता."

तो चहाला न शिवता उठला. हा माणूस मी वाकलेला पाहिला, आणि मला वाटलं होतं तेवढी दया आली नाही. अजिबातच आली नाही. आईने त्याचा कप उचलला, चहा पातेल्यात ओतून पुन्हा उकळला आणि माझ्या हातात दिला. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.