सुनंदाबाई आणि गल्लीची गाडी

सुनंदाबाई पोरीला आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सोडून लगेच निघायची नाही. शेतात न्यायचं टोपलं खाली ठेवायची आणि वर्गाच्या खिडकीला टेकून उभी राहायची. मी पाढे घेऊ लागले की तिचेही ओठ हलायचे. "तुमी शिकवा मॅडम, मी आयकून राहिली." पोरगी आरोही पहिलीत बाकावर आणि आई खिडकीत! गोंदिया जिल्ह्यात सडक अर्जुनीजवळच्या त्या गावात इतकी वर्षं काढली, पण असा पालक मला दुसरा भेटला नाही.

घरची धानाची शेती, खाऊनपिऊन सुखी. पण त्यांच्या गल्लीतल्या शेतकऱ्यांची पोरं तालुक्याच्या कॉन्व्हेंटला निघाली होती. पुढाकार राइस मिलवाल्यांच्या सुनेचा. गाडीवाल्यानं अट घातली, आणखी एक पोर मिळालं तरच गावात गाडी आणीन. झालं! सगळ्या बाया हात धुऊन सुनंदाबाईच्या मागे लागल्या. "तुह्या एका पोरीपायी आमची गाडी अडून राहिली," असं तोंडावर सुनावून गेल्या.

सासूचं दुखणं वेगळंच. आपली नात मजुरांच्या पोरांत बसते, हे तिला खपत नव्हतं. सुनंदाबाई माझ्यासमोरच तिला म्हणाली, "आपल्या धानाच्या रोवणीले त्यायच्याच आया लागतेत, अन् बाकावर त्यायचे लेकरं कायले नाई चालत?" मला कोण आनंद झाला! पण तो टिकायचा नव्हता.

निकालाच्या दिवशी ती टीसी मागायला आली. चेहरा पार उतरलेला.

"काऊन वो?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"मिलवालीच्या पोराच्या बड्डेले सारी गल्ली गेली. आमच्या आरोहीलेच नाई बोलावलं. कुंपणापाशी उभी राहून पाहत होती."

"अहो, पण माझ्या शिकवण्यात काही कमी आहे का?"

"शिकवणं तुमचंच चांगलं हाये. पण शाळा सुटल्यावर तिच्यासंग खेळाले कोण येते?"

"का? तिच्या शेजारी बसते ती छकुली?"

"छकुली मजुराची. तिले सासू अंगणात येऊ देत नाई."

मला असा संताप आला म्हणता! पण कोणावर काढणार? टीसीवर सही केली.

गाडी भरली, सुरू झाली. पुढे मिलवाली सूनच चांगल्या शाळेसाठी मुलांना घेऊन गोंदियाला राहायला गेली. तिच्या मागोमाग आणखी दोन घरं गेली आणि गाडी बंद पडली. आरोही परत येईल या वेड्या आशेनं मी सुनंदाबाईकडे गेले, तर तीही भांडी बांधत होती. नवरा शेती पाहणार आणि ही आरोहीला घेऊन गोंदियालगतच्या फुलचूरला खोली करणार.

"आता मांगं कशी येऊ मॅडम? लोक हासतेत."

तिला समजवायला माझ्यातही त्राण उरलं नव्हतं. थकले हो मी.

परवा तिचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"इथल्या बायांनी पयल्याच दिवशी इचारलं, पोरगी कोन्या शाळेत? शाळेचं नाव सांगतलं, तं एकमेकीकडे पाहून गप्प बसल्या. त्यायचे लेकरं दुसऱ्या मोठ्या शाळेत जातेत. आरोहीले कोणी खेळाले घेत नाई. मॅडम, इथल्या बायांले आमीच मजूर दिसतो."

तिनं पुन्हा हाक मारली.

"बोला नं मॅडम. आता कुठं नेऊ इले?"