कोपरा फाडलेलं पत्र

ते पत्र मी चुलीत टाकलं.

लग्नाला चार महिने झाले होते. सकाळी अंगण झाडलं, पाणी भरलं, म्हशीची धार काढली. मग आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई म्हणाल्या, "म्हातारीची ट्रंक काढ. लुगडी वाटून टाकू."

म्हातारी म्हणजे माझी आजेसासू. महिन्यापूर्वीच गेली होती. तिचा नवरा महायुद्धात पलटणीबरोबर गेला, तो परत आलाच नाही.

ट्रंकेत त्याची पत्रं निघाली. एक बिल्ला निघाला. जमिनीचे जुने फेरफार निघाले.

आणि तळाच्या लुगड्याच्या घडीत एक पत्र वेगळं ठेवलेलं.

आम्हा दोघींनाही वाचता येत नव्हतं. पण आत्याबाईंनी त्याच्या फाटक्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"कोपरा फाडलाय बघ. मयताचं पत्र हाय हे. असलं घरात ठेवत न्हाईत. म्हातारीनं कसं ठिवलं काय म्हाईत. घाल चुलीत."

मी घातलं. त्याच जाळावर भाकरी केल्या.

दुपारी हे शेतावरून आले. ट्रंक उघडी बघून आधी त्या पत्राचंच विचारलं. मी चुलीत घातल्याचं सांगितलं. आजोबांच्या सोबतच्या शिपायाने ते लिहिलं होतं. आजोबा कसे गेले, त्यांची माती कुठे झाली, सगळं त्यात होतं. एवढं आजीनेच यांना सांगितलं होतं, आणि म्हणाली होती, "मी गेल्यावर वाच." महिना झाल्यावर ट्रंक उघडू, म्हणून हे थांबले होते.

"तुला काही आठवतं का, त्यात काय लिवलं हुतं?"

"मला कुठं वाचता येतंय?"

हे चुलीपुढे बसून राहिले. बऱ्याच वेळाने उठले, हात धुतले आणि म्हणाले, "वाढ जेवायला."

पुन्हा कधी तो विषय काढला नाही. आत्याबाईंपुढे नाही, भांडणात सुद्धा नाही.

कुणी विचारलंच तर सांगायचे, "उंदरांनी खाल्लं."

त्याच वर्षी मी अक्षरं शिकायला लागले. किराण्याच्या पुडीचे कागद, एसटीच्या पाट्या, जे दिसेल ते.

पहिल्यांदा सलग वाचलं ते आजोबांचंच एक पत्र. "पोराचं दूध कमी करू नको," असं लिहिलं होतं.

मागच्या वर्षी यांनी सगळ्याची फाईल केली. एकेक कागद प्लॅस्टिकच्या कव्हरात, प्रत्येकाला नंबर. म्हणाले, "नगरच्या संग्रहालयात देऊ. तिथं टिकतील. आपल्या माघारी हितं कोण बघणार?"

सोबत द्यायला यादी लिहिली. शेवटची ओळ होती: मृत्यूचे पत्र, उंदरांनी खाल्ले.

मी म्हणाले, "अहो, आता तरी खरं लिवा."

"का? उंदीर काय केस करणार हायेत व्हय माझ्यावर?"

दोघंही हसलो.

सोमवारी नगरला जायचं ठरलं होतं. रविवारी यांच्या छातीत कळ आली. जामखेडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

वर्षभर फाईल माझ्या उशाशी राहिली. त्यात यांचं अक्षर होतं. देववेना.

पाहुणे म्हणायचे, "वहिनी, कागदच आहेत, देऊन टाका."

काल यांचं वर्षश्राद्ध झालं. सगळे गेल्यावर यादी पुन्हा वाचली.

ते उंदीर माझ्यासाठी होते. मला कुणी नाव ठेवू नये म्हणून. आजोबांची माती कुठे झाली ते न कळताच हा माणूस गेला, आणि माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही.

अहो, तुम्ही मला फार सांभाळलंत. आता या पोस्टमधून सगळ्यांना खरं कळू दे. तुम्हाला माझा नमस्कार.

आज सकाळच्या एसटीने नगरला गेले. फाईल टेबलावर ठेवली. तिथल्या मॅडमकडून पेन मागून घेतलं.

यांची ओळ खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं: हे पत्र मी जाळलं. तेव्हा मला वाचता येत नव्हतं.

आणि सही केली.